शब्दचर्चा : कर्नल ‘कोसळला’ की ‘अडकला’?

प्रश्न : लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) आणि त्यातले नेटवर्क ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा कोड) यांच्या बिघाडांवर मराठीत टिपण लिहितोय. ऊप्स, पॅनिक, लॉकअप या बिघाडाच्या तिन्ही प्रकारांना ‘कर्नल कोसळला’ म्हटलं तर चालेल का? पॅनिकला ‘घबराट’ कसं वाटतं?

– ‘घबराट’ नको. पुढे चालत राहिलं तर डेटा बिघडेल, म्हणून कर्नल स्वतःहून थांबतो, तो पॅनिक. तिथे ‘कोसळला’ चालेल. लिनक्समधला ऊप्स मात्र वेगळा. कर्नल त्या क्षणी चालू असलेली प्रोसेस मारतो आणि यंत्र बहुधा चालू राहतं. तिथे ‘कोसळला’ लिहिलंत तर वाचणारा केडंपची व्हीएमकोअर फाइल (कोसळताना जपून ठेवलेली मेमरीची प्रत) शोधत बसेल, आणि नोंद डीमेसेजमध्येच, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीतच, पडलेली असेल.

– नेटवर्क ड्रायव्हरमध्ये ही सीमा फार पुसट आहे. पॅकेट घेण्याचं काम, म्हणजे नॅपीचा पोल, मुख्यतः सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे कुठल्याही प्रोसेसच्या वतीने नसलेल्या इंटरप्टच्या कामात, चालतं. तिथे ऊप्स आला की प्रोसेस मारून भागत नाही, ‘फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट’ म्हणत थेट पॅनिक होतो. समजा ऊप्सचं कारण नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा पत्ता) आहे. तोच इथटूलच्या (कार्डाची सेटिंग पाहण्या-बदलण्याचं साधन) कमांडमधून गाठला तर नुसता ऊप्स. पण मेलेल्या प्रोसेसकडे आरटीएनएल लॉक (नेटवर्कची मांडणी एका वेळी एकालाच बदलू देणारं कुलूप) राहून गेला असेल, तर त्यानंतर नेटवर्कची मांडणी बदलणारी प्रत्येक कमांड लटकते. याला मी ‘अडकला’ म्हणेन. (नेटकन्सोलवर, म्हणजे कर्नलचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला पाठवण्याच्या सोयीवर, इथे विसंबू नका, नोंद त्याच कार्डातून बाहेर जायची असते. सीरियल कन्सोल लावा, म्हणजे संदेश सीरियल केबलने बाहेर येतील.)

– लॉकअपला सर्रास ‘गोठला’ म्हणतात, ते मला पटत नाही. सॉफ्ट लॉकअपमध्ये सीपीयू कर्नलच्या कोडमध्येच फिरत राहतो आणि दुसऱ्या कामाला वाव देत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे 20 सेकंदांनंतर इशारा छापला जातो. इथेही ‘अडकला’च बरं.

प्रश्नकर्ता : आणि ‘नेटडेव्ह वॉचडॉग, ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ हा संदेश?

– तो क्रॅश नव्हेच. खाली बऱ्याचदा कॉल ट्रेस (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं याची यादी) छापलेला असतो म्हणून लोक फसतात. ‘पाठवण्याची रांग तुंबली’ लिहा.

– एक भर. ‘कुठे कोसळला’ आणि ‘कुठे बिघडलं’ हे टिपणात वेगळं ठेवा. सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरली गेली, तर ट्रेसमध्ये भलतंच फंक्शन दिसतं आणि दोष त्याच्या माथी जातो. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू असलेला कर्नल मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि नंतर कुणी हात लावला, हे तिन्ही दाखवतो. ड्रायव्हरची दुरुस्ती बहुतेक वेळा मधल्या ठिकाणी, म्हणजे मेमरी सोडली तिथे, असते.