इर्मा थॉमस: साठ वर्षं टिकला तो आवाज, की गाणी रचणारा?

मंद्रसप्तक

साठच्या दशकातली अमेरिकन सोल गायिका म्हटलं की अरीथा फ्रँकलिन, एटा जेम्स, फार तर डायॉन वॉरविक, आणि यादी संपते. न्यू ऑर्लिन्सच्या इर्मा थॉमसचं नाव निघालंच तर ‘रोलिंग स्टोन्सनी जिचं गाणं घेतलं ती’ एवढ्या ओळखीवर. माझं मत असं की १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली तिची गाणी त्या काळच्या कुठल्याही गायिकेच्या शेजारी ठेवा, फिकी पडत नाहीत. आणि त्याचं कारण गाण्यांत नाही, गाण्यात आहे. म्हणजे ती गाते कशी, त्यात.

‘इट्स रेनिंग’ (१९६२, मिनिट कंपनीची तबकडी क्र. ६५३) घ्या. चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे, आणि पियानो ते तीन तुकडे शेवटपर्यंत न चुकता मोजतोय. मागचे आवाज पागोळ्यांसारखे टपटप करतात. इतका उघड पाऊस मांडल्यावर दुसरी कोणी असती तर पहिल्याच कडव्यात रडली असती. इर्मा ठोक्याच्या केसभर मागे राहते, शब्द साधा ठेवते आणि ओळ संपली की सोडून देते. हरकती नाहीत, मुरक्या नाहीत, चर्चमधली ललकारी नाही. घरात एकटीच असलेली बाई खिडकीपाशी बोलते तसा आवाज. ललकारी पहिल्या ऐकण्यात जिंकते आणि दहाव्यात दमवते. हा संयम दमवत नाही.

ठेकेदार

दणकून असहमत. तुम्ही ज्याला ‘गाते कशी’ म्हणताय त्यातलं निम्म्याहून जास्त ॲलन टूसांचं, म्हणजे तिच्या गाण्यांच्या न्यू ऑर्लिन्सच्या गीतकार-निर्मात्याचं आहे.

‘इट्स रेनिंग’ त्याने लिहिलं, चालही त्याची. ते तीन तुकडे मोजणारा पियानो न्यू ऑर्लिन्समध्ये फॅट्स डॉमिनोच्या काळापासून मुरलेला. कोसिमो मटासाच्या स्टुडिओत सगळे एका खोलीत, एकाच वेळी वाजवायचे. गायिकेला ओरडायची गरजच पडू नये अशी जागा टूसां सोडायचा. तुमचा ‘संयम’ ही त्याची मांडणी आहे, तिचा स्वभाव नव्हे.

पुरावा हवा? ‘रूलर ऑफ माय हार्ट’ (१९६३, मिनिट ६६६). श्रेय नेओमी नेव्हिल या नावावर आहे. ते टूसांच्या आईचं माहेरचं नाव, तो बरीच गाणी त्या नावाने लिही. सोल गायक ओटिस रेडिंगने त्याच चालीवर ‘पेन इन माय हार्ट’ केलं. आधी स्वतःच्या नावावर लावलं, हक्काचा प्रश्न उभा राहिल्यावर श्रेय नेओमी नेव्हिलकडे आलं. ओटिस शब्दाचे तुकडे करतो, श्वास तोडतो, म्हणजे गाण्याची पद्धत अगदी उलटी. तरी गाणं उभं राहतंच ना? मग जीव चालीत.

१९६३ मध्ये टूसां लष्करात गेला, मिनिट आणि इम्पीरियल या तबकडी-कंपन्या लिबर्टी कंपनीकडे गेल्या आणि इर्माला लॉस एंजेलिसला नेऊन व्हायोलिनांच्या गादीवर बसवलं. तिथून उतरण.

मंद्रसप्तक

उतरण? तिचं यादीत सर्वांत वर गेलेलं गाणं त्याच गादीवरचं आहे की. ‘विश समवन वुड केअर’ (१९६४, इम्पीरियल ६६०१३). टूसां नाही, न्यू ऑर्लिन्सची खोली नाही. निर्माता एडी रे, आणि शब्द-चाल दोन्ही इर्माची स्वतःची. वय २३, तोवर दोन लग्नं आणि चार मुलं झालेली. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या शंभराच्या यादीत १७ वा क्रमांक. तो वसंत कुठला होता तेही बघा: ४ एप्रिल १९६४ ला त्याच यादीतल्या पहिल्या पाचही जागा बीटल्सकडे होत्या.

आणखी एक गोष्ट चर्चेत नेहमी सुटते. नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात बिलबोर्डने आर अँड बीची (रिदम अँड ब्लूज, म्हणजे काळ्या श्रोत्यांच्या संगीताची) वेगळी यादी छापणंच बंद केलं होतं. म्हणजे ज्या वर्षी ही बाई सर्वांत जोरात होती, नेमकं त्याच वर्षी काळ्या श्रोत्यांत तिचं गाणं कुठवर गेलं याची बिलबोर्डमध्ये नोंद नाही. पुढे इतिहास लिहिणारे याद्या उघडून बसले आणि तिथे पान कोरं. विस्मरणाची सुरुवात अशी कारकुनीही असते.

तिरकस

एक मिनिट, ‘विस्मरण’ कशाला? २००७ मध्ये ‘आफ्टर द रेन’साठी ग्रॅमी मिळाली. ‘एनीवन हू नोज व्हॉट लव्ह इज’ हे गाणं ‘ब्लॅक मिरर’ मालिकेत २०११ पासून पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे विशीतल्या पोरांनाही पाठ आहे. जिम जार्मुशने १९८६ च्या ‘डाउन बाय लॉ’ चित्रपटात ‘इट्स रेनिंग’ वापरलं. मे २०२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ फेस्टला खुद्द स्टोन्सनी तिला मंचावर बोलावून ‘टाइम इज ऑन माय साइड’ बरोबरीने गायलं. याला उपेक्षा म्हणत असाल तर अशी उपेक्षा सगळ्यांच्या वाट्याला येवो.

उपेक्षित बघायची तर बेटी हॅरिस बघा. १९६३ मध्ये बर्ट बर्न्सच्या निर्मितीत ‘क्राय टू मी’. सॉलोमन बर्कचं ठेक्यातलं गाणं तिने इतकं संथ केलं की ओळखू येऊ नये. मग न्यू ऑर्लिन्सला याच टूसांकडे सान्सू लेबलवर एकामागून एक सिंगल (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी). १९६९ च्या ‘देअर्स अ ब्रेक इन द रोड’मध्ये मागे मीटर्स हा न्यू ऑर्लिन्सचा वाद्यवृंद वाजवतो, त्यातले ड्रम ऐकाच. १९७० च्या सुमारास तिने गाणं सोडलं, आणि ग्रॅमी वगैरे काही नाही.

ठेकेदार

बेटी हॅरिसला +१. आणि बघा, तिथेही माणूस टूसांच!

पंचेचाळीस

चर्चा चालू द्या, पण तुम्ही सगळे नक्की कुठलं ध्वनिमुद्रण ऐकून भांडताय ते तपासा. इर्माच्या बाबतीत हा घोळ मोठा आहे.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी: जुनी लोकप्रिय गाणी तिने नंतरच्या दशकांत पुन्हा गायली आहेत. १९९१ चा ‘सिम्प्ली द बेस्ट’ हा तर सबंध लाइव्ह अल्बम. ॲपवर दिसणारं साल बहुतेकदा संकलनाचं असतं, मुद्रणाचं नाही. ओळखायच्या खुणा अशा. मूळ गाणी दोन ते तीन मिनिटांची, त्यामुळे चार-पाच मिनिटं दिसली की ते ते नव्हे. बास स्वच्छ, गोल आणि ड्रम दोन्ही कानांत पसरलेले असतील तरी नव्हे. आणि आवाज: विशीतली इर्मा वरच्या सुरात किंचित धारदार आहे, नंतरची जाड आणि सुखावह. मंद्रसप्तक ज्या संयमाचं कौतुक करताहेत तो नंतरच्या मुद्रणात पुष्कळ सैल आहे, तिथे ती श्रोत्यांशी खेळते. ते वाईट नाही, पण वेगळं आहे.

तबकडी लावणाऱ्यांसाठी: ही सिंगल रेडिओ आणि ज्यूकबॉक्ससाठी मोनो केलेली. स्टिरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेल्या भागाने) वाजवताना ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. मोनो खाचेत गाणं आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीतून येते ती फक्त खरखर, आणि डावं-उजवं एकत्र केलं की ती उभी खरखर एकमेकीला खोडते. फुकटात निम्मी धूळ गेली समजा. पुढे ‘स्टिरिओसाठी इलेक्ट्रॉनिक संस्कार’ असं छापलेल्या एलपी (मोठ्या तबकड्या) निघू लागल्या, त्या शक्यतो टाळा. एका कानात खर्ज, दुसऱ्यात तार असा प्रकार असतो, आणि तिथे मोनो बटणानेही पूर्ण सुटका होत नाही.

मग सुई. त्या काळची बरीच अमेरिकन सिंगल व्हिनाइलची नाहीत, स्टायरीन या टणक प्लास्टिकची आहेत. ओळखायचं कसं? कडेला नखाने हलकेच टिचकी मारा: व्हिनाइल बद्द वाजतं, स्टायरीन टणक आणि उंच. लेबलचा कागदही पुष्कळदा वरून चिकटवलेला दिसतो. स्टायरीन पटकन झिजतं, आणि वाईट म्हणजे झीज डोळ्यांना दिसत नाही. तबकडी आरशासारखी चकाकते आणि आवाज फाटका येतो. त्यावर लंबगोल सुई नको, गोल टोकाची वापरा. वजन कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला. इथे लोक दयेपोटी वजन कमी करतात आणि तिथेच फसतात. हलकी सुई खाचेत टिकत नाही, भिंतीवर आपटते, आणि ‘स’ आणि ‘श’ कायमचे फाटतात. पुसायला स्पिरिट नको. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, पुन्हा नुसतं पाणी, मऊ कापड.

शेवटचं, आणि ‘इट्स रेनिंग’साठी सर्वांत महत्त्वाचं: भोक मध्यावर आहे का? अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असेल तरी आतल्या खाचांपाशी सूर जवळजवळ एक टक्क्याने वर-खाली होतो. गाण्यात ते चटकन कळत नाही, पियानोत लगेच कळतं, कारण पियानोचा सूर स्वतःहून हलत नसतो. टोनआर्म (सुईचा दांडा) डावी-उजवीकडे डुलतोय का बघा. डुलत असेल तर मधला ॲडॉप्टर काढा. सिंगलचं भोक ३८ मिलिमीटरचं, तेव्हा तबकडी सरकवायला भरपूर जागा मिळते. बोटाने एकेक केस सरकवत डुलणं थांबेपर्यंत बसवा. त्यानंतर तो पियानो घड्याळासारखा उभा राहतो, आणि इर्मा त्याच्या मागे किती राहते ते तेव्हा खरं मोजता येतं.

मंद्रसप्तक

पंचेचाळीस, दंडवत! त्या ‘केसभर मागे’ची परीक्षा आता ठेकेदारांनी करावी. पियानो घड्याळासारखा आहे हे तर तेही मान्य करतील. त्या घड्याळाला न जुमानता सावकाश येणारी टूसां नाही, ती आहे.

ठेकेदार

मागे राहायला पुढे कोणीतरी ठाम लागतो, राव. तेच तर म्हणतोय.

बरं, ‘टाइम इज ऑन माय साइड’ बघू. सगळे हळहळतात की स्टोन्सनी लुटलं. मुळात ते गाणं तिचं नाही. जेरी रॅगोव्हॉयने नॉर्मन मीड या नावाने लिहिलं, १९६३ मध्ये ट्रॉम्बोनवाल्या काई विंडिंगने वाजवलं. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच, मागचे आवाज शीर्षकाची ओळ आणि एखादी जोडओळ म्हणतात. १९६४ मध्ये इर्मासाठी जिमी नॉर्मनने उरलेले शब्द भरले. तेही कुठे आलं? इम्पीरियल ६६०४१ च्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूचं ‘एनीवन हू नोज’ ५२ वर अडकलं. मधे ती गाणं सोडून बोलायला लागते तो भाग तर आज कानाला नाटकी लागतो.

मंद्रसप्तक

शब्दांचा इतिहास बरोबर. निष्कर्ष चूक. स्टोन्सनी विंडिंगचं नाही घेतलं, इर्माचं घेतलं. मांडणी जवळजवळ तीच. त्यांची दोन रूपं आहेत, एकाची सुरुवात ऑर्गनने, दुसऱ्याची गिटारने. दोन्हींत ओळी कुठे थांबतात ते बघा, तिच्याच जागा. हे गाणं अमेरिकेत त्यांना पहिल्या दहांत घेऊन गेलं. आणि पुढे मंचावर हे गायलं की लोक तिलाच ‘स्टोन्सचं गाणं गातेस होय’ म्हणू लागले, तेव्हा तिने बरीच वर्षं ते गायचंच सोडलं.

बोलण्याचा भाग नाटकी आहे, मान्य. पण तो काळ्या चर्चमधल्या प्रवचनाचा साचा आहे. गाता गाता बोलणं आणि बोलता बोलता पुन्हा सुरावर येणं. आपल्याकडे कीर्तनकार अभंग सोडून निरूपणात शिरतो आणि पुन्हा नेमका धृपदावर उतरतो, त्याला कोणी नाटकी म्हणत नाही. ती कुठे उतरते ते ऐका.

तिरकस

कीर्तन आणलंत म्हणजे धागा शंभरी गाठणार.

माझा एक साधा प्रश्न. टूसां नाही, व्हायोलिनं नाहीत, असा तिसरा नमुना आहे की. १९६७ मध्ये चेस या तबकडी-कंपनीने तिला अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत निर्माता रिक हॉलकडे पाठवलं. त्याच वर्षी, त्याच स्टुडिओत, त्याच कंपनीसाठी एटा जेम्सने ‘टेल मामा’ केलं. एटाचं गाजलं. इर्माचं ‘गुड टू मी’, जे ओटिसचंच, आर अँड बी यादीत १९६८ मध्ये ४२ पर्यंत गेलं आणि चेसने विषय संपवला. आवाजच जर सगळं करत असेल तर इथे का नाही केलं?

मंद्रसप्तक

कारण फेमची ब्रास आणि ड्रम पुढे झेपावणारे आहेत. तिथे गायिकेने रेटायला हवं. एटा रेटते. इर्मा मागे राहणारी, आणि त्या खोलीत मागे राहिलं की नुसतं उशिरा आल्यासारखं वाटतं. ‘गुड टू मी’ संथ आहे म्हणून तिथे ती सापडते. ‘चीटर मॅन’सारख्या वेगवान गाण्यात मात्र तिला दुसऱ्याचा अंगरखा घातलाय.

ठेकेदार

म्हणजे तिचा आवाज फुलायला खोली, पियानो, वेग सगळं तिच्या मापाचं लागतं. मग मी काय वेगळं सांगत होतो?

पंचेचाळीस

ठेकेदार, ‘विश समवन’ची मागची बाजू लावा. ‘ब्रेकअवे’. जॅकी डीशॅनन आणि शॅरन शीली यांचं, टूसांशी काही संबंध नाही, वेगवान, लॉस एंजेलिसचं चकचकीत पॉप. मंद्रसप्तकांच्या ‘मागे राहते’लाही ते बसत नाही. १९८३ मध्ये ट्रेसी उलमनने गायलं आणि इंग्लंडात पहिल्या पाचांत गेलं. दोन्ही लागोपाठ ऐका. आणि हो, ४५ ची सिंगल आत जाईल तसा खाचेचा सरकण्याचा वेग साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, शेवटी आवाज फाटायला लागला तर तिला दोष देऊ नका.

ठेकेदार

ऐकली. उलमनची धावते, इर्माची पळून जाते. फरक आहे. ‘ब्रेकअवे’ तुमचं. बाकी एकही देणार नाही.