'परवडणारी घरे' : कोणाला?

अनुवादक
ऑस्ट्रेलियात घरांच्या निधीवरून जो राजकीय वाद झाला, त्यावरचा लेख मराठीत आणतेय. त्यात 'सोशल हाउसिंग' (सरकारच्या किंवा संस्थांच्या मालकीची, कमी भाड्याची घरं) आणि 'अफोर्डेबल हाउसिंग' हे शब्द सतत जोडीने येतात. दुसऱ्याला 'परवडणारी घरे' रुळलंय. पण 'सामाजिक घरे' लिहिलं की डोळ्यांसमोर समाजमंदिर येतं आणि 'सरकारी घरे' म्हटलं की नोकरीबरोबर मिळणारं क्वार्टर. दोन्हींना मिळून 'परवडणारी' म्हणून उरकू का?

इकडचातिकडचा
अजिबात नको! भांडण त्या दोन शब्दांमधल्या फटीतच आहे. इंग्लंडमध्ये २०११ पासून 'परवडणारं भाडं' म्हणजे बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंतचं भाडं. 'सामाजिक भाडं' ठरवताना मात्र त्या भागातली कमाईही हिशेबात धरतात. बाजारच चढला असेल तर त्याचे ८० टक्के कोणाला झेपणार? अमेरिकेत सरकारी मदतीच्या घरांसाठी भाडं साधारणपणे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्के धरतात (१९६९ साली ही मर्यादा २५ होती). म्हणजे एकीकडे पट्टी बाजाराची, दुसरीकडे पगाराची.

काना-मात्रा
यात मराठीची एक गंमत आहे. 'परवडणे' हे क्रियापद 'ला' मागतं. मला परवडतं, त्याला परवडत नाही. 'परवडणारी घरे' असं विशेषण केलं की तो 'ला' गळून पडतो आणि मंत्र्यांची सोय होते.
शिवाय हा शब्द आपल्याकडे विकणाऱ्याच्याही तोंडी असतो. 'या भावात द्यायला परवडत नाही' हे दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक नव्हे. तेव्हा 'परवडणारी घरे' बांधणाऱ्याला परवडणारी, असाही अर्थ लागू शकतो. राहणाऱ्याला झेपेल ते भाडं आणि बांधणाऱ्याला परवडेल ते भाडं, यांतली तूट कोणी भरायची, एवढ्यावरच तर पक्ष भांडतात.

अनुवादक
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग पुढचं वाक्यही तपासा : '१० अब्ज डॉलरचा निधी मंजूर'. बरोबर?

इकडचातिकडचा
शब्द बरोबर, वाचक फसणार. आपल्याकडे 'निधी मंजूर' म्हणजे पैसे खर्चायला मिळाले. ऑस्ट्रेलियात ते १० अब्ज गुंतवायचे आणि येणाऱ्या परताव्यातून घरं बांधायची. पाच वर्षांत ३० हजार घरं, त्यांतली २० हजार सामाजिक, असं उद्दिष्ट होतं. ग्रीन्स पक्षाचा आक्षेप नेमका हाच : घरांचे पैसे शेअर बाजाराच्या चढउतारावर का सोडायचे, थेट खर्च करा. विधेयक कित्येक महिने अडलं, मधल्या काळात सरकारने २ अब्ज थेट राज्यांना दिले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ते मंजूर झालं. तेव्हा १० अब्जांना 'गंगाजळी' म्हणा आणि त्या २ अब्जांना 'निधी'. दोन्हीकडे 'निधी' लिहिलंत तर ग्रीन्सचा आक्षेप वाचकाला कळणारच नाही.

काना-मात्रा
'गंगाजळी' झकास. 'कायम ठेव'ही चालेल, जरा बँकेतलं वाटतं इतकंच.
'सोशल'साठी फ्रेंचांकडे बघा. तिथे १९५० पर्यंत सरकारी शब्द 'स्वस्त घर' होता, मग तो बदलून 'माफक भाड्याचं घर' केला. 'माफक' आपला जुना, घरचा शब्द आहे.

इकडचातिकडचा
माफक छान आहे, पण ती कोणाची घरं हे त्यातून कळत नाही. व्हिएन्नात अशा घरांना म्हणतात 'गेमाइंडेबाउ', म्हणजे नगरपालिकेची इमारत. १९२३ साली तिथे घरबांधणीसाठी खास कर बसवला, मोठ्या घरांवर चढत्या दराने. त्या काळातल्या इमारतींच्या भिंतींवर ठळक अक्षरांत आजही वाचायला मिळतं : नगरपालिकेने बांधली, अमुक वर्षांत, घरबांधणी कराच्या पैशातून. कोणी आणि कशातून, दोन्ही एका ओळीत.

अनुवादक
मग असं करते. पहिल्या उल्लेखात 'सार्वजनिक मालकीची किंवा संस्थांची माफक भाड्याची घरे', पुढे नुसतं 'माफक भाड्याची'. 'परवडणारी' जिथे येईल तिथे 'बाजारभावापेक्षा कमी भाड्याची' असं एकदा फोडून सांगते. मथळ्यात मात्र यातलं काहीच मावणार नाही. तिथे संपादक 'परवडणारी घरे'च ठेवणार, हे आत्ताच दिसतंय.