‘कॅन’च्या ‘टागो मागो’ची दुसरी तबकडी : आयुष्यभर ऐकणाऱ्यांना एक प्रश्न

निशिगंध

गेले तीन महिने मी जर्मनीतल्या कोलोनचा ‘कॅन’ हा बँड ऐकते आहे. सुरुवात १९७१ सालच्या ‘टागो मागो’ या दोन तबकड्यांच्या अल्बमपासून झाली. पहिल्या तबकडीने मला असे धरून ठेवले, की ‘हालेलुवा’ हे साडेअठरा मिनिटांचे गाणे मी कामावर जाताना किंवा येताना रोज एकदा तरी ऐकते. तोच ठेका, तीच बासची चाल, आणि तरीही दहाव्या मिनिटाला आपण पहिल्या मिनिटापेक्षा निराळ्या ठिकाणी येऊन पोहोचलेलो असतो. हे कसे घडते, ते मला अजून उलगडलेले नाही.

दुसऱ्या तबकडीशी मात्र माझे जमत नाही. ‘आउम्न’ची सतरा मिनिटे म्हणजे मला तळघरात कोणीतरी जड सामान ओढत असल्यासारखी वाटतात, आणि ‘पेकिंग ओ’मध्ये गायक दामो सुझुकी शब्द सोडून नुसत्या आवाजांवर उतरतो तेव्हा मी ऐकणे थांबवते. चार वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा अर्ध्यावर सोडला.

या बँडबरोबर ज्यांनी उभे आयुष्य काढले आहे त्यांना मला मनापासून विचारायचे आहे. ही दुसरी तबकडी तुम्हाला खरोखर आवडते, की बँडवरच्या प्रेमापोटी तुम्ही ती पदरात घेतली आहे? आणि ज्या बँडचा ऐन बहराचा काळ जेमतेम पाचसहा वर्षांचा होता, त्याच्यावरचे प्रेम चाळीस वर्षे कशावर टिकते? पुढे काय ऐकावे हेही सांगावे.

वाळूघड्याळ

तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला एवढ्यापुरताच आहे, की माझ्याकडेही ती दुसरी तबकडी आठ वर्षे न ऐकलेली पडून होती. १९८६ साली मी पुण्यात शिकत असताना शेजारच्या एका दादाने जर्मनीहून परतताना नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर हा अल्बम भरून आणला होता. एका बाजूला पहिली तबकडी, दुसऱ्या बाजूला दुसरी. पहिली बाजू संपली की मी कॅसेट उलटत नसे. मागे फिरवून पुन्हा तीच बाजू लावत असे.

१९९४ साली मी भोसरीतल्या एका कारखान्यात रात्रपाळीला होतो. आठ तास प्रेस मशीनच्या आवाजात उभे राहून पहाटे घरी आल्यावर कोणतेही गाणे सहन होत नसे, कारण सुरांची सरळ चाल कानाला खोटी वाटे, आणि शांतताही नकोशी होई. अशा एका पहाटे मी ती कॅसेट उलटली. ‘आउम्न’ सुरू झाले, आणि बँडचे कीबोर्डवादक इर्मिन श्मिट यांचा तो ताणत नेलेला आवाज एखाद्या मोठ्या दगडी दालनात भिंतींना चाचपत फिरावा तसा खोलीभर फिरू लागला. त्या दिवशी मला प्रथमच जाणवले, की हे गाणे म्हणून ऐकायचे नसून एका जागेत जाऊन बसल्यासारखे ऐकायचे आहे. ते ध्वनिमुद्रण खरोखरच कोलोनजवळच्या नोर्वेनिख येथील एका गढीवजा वाड्यात झालेले आहे, ही माहिती मला पुष्कळ नंतर मिळाली. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की ‘आउम्न’ मला खरोखर आवडते. ‘पेकिंग ओ’ मात्र मला आजही पूर्णपणे आवडत नाही, आणि आवडते असे म्हणण्याची गरज मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. माझे प्रेम टिकले ते या माणसांच्या काम करण्याच्या रीतीमुळे. १९६८ साली हे लोक एकत्र आले तेव्हा त्यांच्यातले कोणी कोवळे पोरगे नव्हते. बास वाजवणारे होल्गर झुकाय आणि इर्मिन श्मिट तिशीच्या आसपासचे, दोघेही श्टॉकहाउझेन या प्रयोगशील जर्मन संगीतकाराकडे शिकलेले. ड्रमवादक याकी लीबेत्साइट फ्री जॅझ वाजवून आलेला. गिटारवादक मिखाएल कारोली तेवढा झुकाय यांचा विद्यार्थी आणि त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. श्मिट यांनी वाद्यवृंद संचालनाचे शिक्षण घेतले होते, आणि त्या वाटेने पुढे जाणे त्यांना अवघड नव्हते. युद्धात लहानपण गेलेल्या या पिढीला अमेरिकी रॉकची नक्कल करायची नव्हती आणि आपल्या आधीच्या पिढीचे संगीतही जसेच्या तसे पुढे चालवायचे नव्हते. जे उरले ते त्यांना स्वतः घडवावे लागले.

ते त्यांनी कसे घडवले, हे नीट पाहण्यासारखे आहे. कोणी नेता नाही, आधी लिहिलेले गाणे नाही. सर्वांनी एका खोलीत तासन्‌तास वाजवायचे, ते दोन ट्रॅकच्या यंत्रावर थेट मुद्रित करायचे, आणि मग झुकाय यांनी ती फीत कापून, जोडून तिच्यातून रचना बाहेर काढायची. दोनच ट्रॅक असल्यामुळे एखाद्याचे चुकले तर त्याचा भाग वेगळा काढून पुन्हा भरता येत नसे. म्हणून प्रत्येकाला इतर तिघाचौघांकडे कान देऊनच वाजवावे लागे, आणि ते कान दिलेले तुम्हाला ‘हालेलुवा’मध्ये ऐकू येतात. तुमच्या दुसऱ्या तबकडीत तर असेही तुकडे आहेत, जे वादक आपसात सहज काही करून पाहत असताना झुकाय यांनी यंत्र चालू ठेवून टिपले होते. हा सगळा भाग अल्बममध्ये घ्यावा आणि अल्बम दोन तबकड्यांचा करावा, असा आग्रह इर्मिन यांच्या पत्नी हिल्डेगार्ड श्मिट यांनी धरला, ज्या पुढे बँडचा सगळा कारभार पाहू लागल्या. त्यांनी तो धरला नसता तर तुम्हाला केवळ पहिली तबकडी मिळाली असती आणि तुम्ही सुखी असता. मी मात्र त्या पहाटेला मुकलो असतो.

१९७५ सालच्या ‘लँडेड’पासून त्यांच्याकडे सोळा ट्रॅकचे यंत्र आले. प्रत्येकाला आपापला भाग निवांतपणे, वेगळा भरता येऊ लागला, आणि माझ्या मते बँड तिथून हळूहळू विरत गेला. १९७८ सालचे ‘आउट ऑफ रीच’ मी वर्षातून एकदा ऐकतो, कारण ते माझ्याच माणसांचे आहे, पण त्याची बाजू घेऊन मी कोणाशी वाद घालणार नाही. इतक्या वर्षांनी बँडचा पडता काळही आपल्या ओळखीचा होतो, आणि त्याच्यावर रागवावेसे वाटत नाही.

पुढे ऐकण्यासाठी १९७३ सालचे ‘फ्यूचर डेज’ घ्यावे. विशीत मला ते मिळमिळीत वाटले होते. आज एकच तबकडी ठेवायला सांगितली तर मी तीच ठेवीन. तिची संपूर्ण दुसरी बाजू ‘बेल एअर’ या एकाच रचनेची आहे, आणि तिच्यात लीबेत्साइट ज्या हलक्या हाताने वाजवतो त्या हाताने एवढा वेग सांभाळणारा दुसरा ड्रमवादक माझ्या ऐकण्यात नाही. दामो सुझुकी त्या अल्बमनंतर बँड सोडून गेला, आणि त्यात त्याचा आवाज आधीच अर्धा निघून गेल्यासारखा, इतर वाद्यांच्या मागे कुठेतरी मिसळलेला आहे.

तिरकिट

वाळूघड्याळ यांच्या प्रतिसादात लीबेत्साइटचा उल्लेख आला म्हणून लिहितो आहे. मी तबला वाजवतो आणि त्यामुळेच या बँडकडे वळलो.

निशिगंधताई, ‘हालेलुवा’त जे घडते ते तुम्हाला लेहऱ्याच्या वाटेने कळेल, असे मला वाटते. आपल्याकडे एकल तबलावादनात सारंगी किंवा पेटीवर एकच सुरावट आवर्तनामागून आवर्तन फिरत राहते, आणि ती अजिबात बदलत नाही म्हणूनच तबलजीला कायदे, रेले, तुकडे घेऊन दूरवर जाऊन समेवर परत येता येते. ‘कॅन’मध्ये या जागांची अदलाबदल झालेली आहे. इथे लेहरा ड्रम धरतो, आणि सुरांची वाद्ये व गळा बाहेर फिरून येतात. झुकाय यांचा बास तर कित्येकदा दोनतीन सुरांच्या पलीकडे जात नाही. दहाव्या मिनिटाला आपण निराळ्या ठिकाणी असतो, कारण मधल्या काळात खुंटा हललेला नसतो आणि दोरी लांब होत गेलेली असते.

हे सोपे काम नाही. फ्री जॅझमध्ये लीबेत्साइटला काहीही वाजवण्याची मोकळीक होती, फक्त स्थिर ठेका तेवढा धरायचा नाही असा अलिखित दंडक होता. ती मोकळीक सोडून त्याने एकसुरीपणा निवडला. अठरा मिनिटे एकच ठेका वाजवताना हात थकतो हे खरे, पण त्याहून मोठी अडचण मनाची असते. काहीतरी सजवावे, आपण इथे आहोत हे दाखवावे, असा मोह दर आवर्तनाला होतो. त्याच्या वाजवण्यात तो मोह दिसत नाही. माझे गुरुजी साथसंगतीबद्दल जे सांगत आले, ते मला या कोलोनच्या माणसाकडून नव्याने समजले.

एका बाबतीत मात्र मी वाळूघड्याळ यांच्याशी सहमत नाही. ‘पेकिंग ओ’ त्यांनी इतक्या लवकर बाजूला ठेवू नये. तिथे हा स्थिर माणूस एका साध्या ताल-यंत्राच्या शेजारी येऊन बसला आहे, आणि यंत्र स्थिर आहे म्हटल्यावर त्याला सैल होता आले आहे. सुझुकीचा गळाही तिथे बोलांसारखा, निव्वळ नादाच्या अंगाने वापरलेला आहे. पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हटलेले, ऐकायची सवय असलेल्याला ते परके वाटू नये.

ऱ्हाइनकाठी

मी बारा वर्षे कोलोनमध्ये राहतो. बँडने १९७१च्या अखेरीस नोर्वेनिख सोडून ज्या वायलरस्विस्ट गावात बस्तान हलवले, ते आमच्या घरापासून रेल्वेने फार लांब नाही. तिथल्या एका जुन्या चित्रपटगृहात त्यांनी आपला ‘इनर स्पेस’ स्टुडिओ थाटला आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लष्करातल्या सुमारे १५०० गाद्या ठोकल्या. ‘स्पून’ हे त्यांचे गाणे दूरचित्रवाणीवरच्या एका रहस्यमालिकेचे शीर्षकगीत झाले आणि जर्मनीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्या यशानंतर १९७२ च्या फेब्रुवारीत त्यांनी कोलोनच्या श्पोर्टहाले या सभागृहात लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम केला. त्याच वर्षीच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर भेंडीचा डबा आहे, आणि ‘एगे बामियासी’ हे नावही तुर्की भाषेत एजियन किनाऱ्यावरच्या भेंडीचेच आहे. येथल्या तुर्की दुकानांत ‘बामिया’ असे लिहिलेले डबे अजूनही मिळतात, आणि भाजी घ्यायला गेलो की माझा हात एकदा तरी त्या डब्याकडे जातो.

तो स्टुडिओ आता ग्रोनाउ येथील रॉक आणि पॉप संगीताच्या संग्रहालयात आहे. २००७ साली तो गाद्यांसकट तिथे हलवला गेला. त्या गाद्यांपुढे उभे राहून मी बोललो तेव्हा माझाच आवाज मला अगदी जवळ, कोरडा असा ऐकू आला, आणि ‘फ्यूचर डेज’मधले ड्रम इतके जवळ का वाटतात हे त्या क्षणी कळले. स्टुडिओ हलवण्याच्या निमित्ताने ज्या जुन्या फिती पुन्हा हाती लागल्या, त्यांतून निवडून २०१२ साली ‘द लॉस्ट टेप्स’ हा संच निघाला. निशिगंध, तोही ऐका, पण सर्वांत शेवटी.

सुझुकीला मी प्रत्यक्ष ऐकले आहे. बँड सोडल्यावर काही वर्षांनी तो पुन्हा गाऊ लागला, आणि पुढे जगभर जाईल त्या गावच्या स्थानिक वादकांबरोबर, कसलीही तालीम न करता, गात राहिला. मी ऐकले तेव्हा मंचावर चार तरुण वादक होते. पहिली दहा मिनिटे त्यांचे काहीच जुळत नव्हते. तो डोळे मिटून एका सुरावर थांबला, त्यांच्यापैकी कोणालाही खूण न करता, आणि ते आपोआप त्याच्याभोवती गोळा होत गेले. कार्यक्रम संपल्यावर तो प्रेक्षकांतल्या पुष्कळांशी बोलला. मला मात्र पुढे जाऊन काही बोलणे सुचले नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी तो कोलोनमध्येच वारला. त्याच्या आधी कारोली २००१ साली गेला, लीबेत्साइट आणि झुकाय दोघेही २०१७ साली. झुकाय तर वायलरस्विस्टच्या त्याच जुन्या स्टुडिओच्या वास्तूत राहत होते आणि तिथेच त्यांचा अंत झाला.

निशिगंध

तिघांचेही मनःपूर्वक आभार. तिरकिट यांनी लेहऱ्याचे सांगितल्यावर काल रात्री मी ‘हालेलुवा’ फक्त ड्रमकडे लक्ष ठेवून ऐकले. सातव्या-आठव्या मिनिटानंतर मला बाकीची वाद्ये जास्त स्पष्ट ऐकू यायला लागली, हे अनपेक्षित होते. ‘आउम्न’ मी अजून लावलेले नाही. दिवसा लावू की रात्री, आणि सलग ऐकू की तुकड्यांत, एवढे सांगावे. सुझुकी गेल्यानंतर एक वर्षाने मी त्याला ऐकायला सुरुवात केली, याचे मला फार वाईट वाटते.

वाळूघड्याळ

तुकड्यांत ऐकू नये. पण सुरुवातही ‘आउम्न’पासून करू नये. दुसऱ्या तबकडीच्या शेवटी ‘ब्रिंग मी कॉफी ऑर टी’ हे पावणेसात मिनिटांचे गाणे आहे. ते पहिल्या तबकडीच्या स्वभावाचे आहे, आणि चार प्रयत्नांत तुम्ही बहुधा तिथवर पोहोचलाच नाहीत. आठवडाभर फक्त तेच ऐका. मग एके दिवशी तबकडी आरंभापासून लावा. वाटेतल्या अर्ध्या तासाला शेवटी कुठे जाऊन पोहोचायचे आहे, हे तेव्हा तुम्हाला ठाऊक असेल. हेडफोन नको, दाराबाहेरचे आवाज आत येऊ द्यावेत. तिरकिट यांच्या सांगण्यावरून मीही आज ‘पेकिंग ओ’ पुन्हा लावतो आहे.