देवाला आपली गरजच नाही, मग त्याचं प्रेम खरं कसं?

निळीशाई:
ख्रिस्ती धर्मशास्त्रात देव स्वयंभू आहे असं मानतात, म्हणजे तो कुणामुळे झालेला नाही, कशावर अवलंबून नाही, विश्व नसतं तरी त्याच्यात काही उणं राहिलं नसतं. हे ऐकलं की बऱ्याच जणांना तो देव कोरडा वाटायला लागतो. माझं मत उलटं आहे. बायबलमधलं स्तोत्र ५० बघा, लोक बैल-बकरे अर्पण करतायत आणि देव म्हणतो मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही, रानातलं प्रत्येक जनावर माझंच आहे. म्हणजे काहीतरी देऊन या देवाला मिंधं करता येत नाही! येशूचा प्रेषित पौलही अथेन्सला अरीयपग नावाच्या टेकडीवर तेच बोलला, देवाला कशाची गरज आहे म्हणून तो माणसांकडून सेवा घेत नाही, तोच सगळ्यांना जीवन आणि श्वास देतो. ज्याला आपल्याकडून काही उकळायचं नाही त्याचंच प्रेम निखळ असू शकतं. एकटेपणा घालवायला त्याने जग केलं असतं तर आपण सगळे त्याची सोय म्हणून जन्माला आलो असतो, आणि सोय संपली की काय?

उलटतपासणी:
अजिबात पटलं नाही. प्रेम केलं की समोरच्याचं दुःख आपल्याला लागतंच, ज्याला काहीच लागत नाही तो दान करत असेल पण ते प्रेम नाही. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याच्या ११ व्या अध्यायात देव स्वतः इस्राएलला म्हणतो, एफ्राइमा, मी तुला कसा सोडू, आणि तिथे त्याचं मन कालवलेलं दिसतं. युर्गन मोल्टमान हा जर्मन धर्मशास्त्री, १९४३ च्या हॅम्बुर्गच्या बॉम्बहल्ल्यात शेजारी उभा असलेला मित्र डोळ्यांदेखत गेला आणि हा वाचला, पुढे ब्रिटिशांच्या कैदेत राहिला. त्याचं म्हणणं असं की जो देव सोसू शकत नाही तो प्रेमही करू शकत नाही. आणि तुमचे ते थॉमस अक्वायनस, तेराव्या शतकातले धर्मशास्त्री, काय म्हणतात? निर्मितीचं देवाशी नातं खरं, पण देवाचं निर्मितीशी नातं फक्त आपल्या समजुतीतलं. आजारी मुलाच्या उशाशी बसून प्रार्थना करणाऱ्या आईला हे तोंडावर सांगून बघा.

निळीशाई:
@उलटतपासणी, आईचा मुद्दा मी हलक्यात घेत नाहीये. पण तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. असण्यासाठी कुणाचा आधार न लागणं वेगळं आणि मन नसणं वेगळं. अक्वायनसला इतकंच म्हणायचंय की आपण निर्माण झालो त्याने बदल आपल्यात होतो, देवात काही भर पडत नाही, याचा अर्थ त्याला आपली पर्वा नाही असा होत नाही. आणि प्रेम करायला त्याला जगाची वाट बघावी लागलीच नाही, योहानाच्या शुभवर्तमानात, १७ व्या अध्यायात येशू देवाला, आपल्या पित्याला, म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. प्रेम आधीपासून भरलेलं होतं, ते बाहेर वाहिलं. त्या आईलासुद्धा जो स्वतःच खचलाय असा देव नकोय हो, तिला धरून ठेवणारा हवाय.

पायवाट:
मधेच एक शंका. योहान ५:२६ मध्ये आहे की पित्याच्या ठायी स्वतःचं जीवन आहे तसंच त्याने पुत्रालाही, म्हणजे येशूलाही, स्वतःचं जीवन 'दिलं'. दिलं म्हटल्यावर पुत्र स्वयंभू कसा? मग चौथ्या शतकातला धर्मगुरू एरियस म्हणत होता तेच बरोबर ना, की पुत्र निर्माण केलेला आहे?

निळीशाई:
याच वादातून तर ३२५ साली निकेयाला बिशपांची परिषद भरली. तिथे ठरलं की पुत्र 'देवापासून देव' आहे, जन्मलेला आहे पण निर्माण केलेला नाही. आणि हे देणं काळात घडलेलंच नाही, पुत्राकडे जीवन नव्हतं असा क्षणच नव्हता. शिवाय जे दिलं ते दुसऱ्याच्या आधाराने चालणारं जीवन नाही, पित्याचं आहे तेच. पुढे सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने आणखी स्पष्ट केलं, पुत्र म्हणून तो पित्यापासून आहे, देव म्हणून स्वतःहूनच आहे. मला कॅल्विनची मांडणी पटते, पण ती सगळ्या ख्रिस्ती लोकांना मान्य झाली असं नाही.

आकडेमोड:
गणिताचं काय करायचं? दोन अधिक दोन चार हे देवाने ठरवलं म्हणून खरं, की देवालाही ते मानावं लागतं? मानावं लागत असेल तर त्याच्याशिवाय स्वतंत्र असं काहीतरी निघालंच की. अल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. ही सत्यं देवाच्या मनातच असतात हे जुन्या काळातल्या ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनचं उत्तर मला त्यातल्या त्यात बरं वाटतं.

उलटतपासणी:
गणित राहू दे, मूळ मुद्द्यावर या. @निळीशाई, वधस्तंभावर जे झालं त्याने देवाला काही झालं की नाही? हो म्हणालात तर निर्मितीमुळे देवात काहीतरी घडलं, आणि नाही म्हणालात तर तिथे सोसलं कुणी?

निळीशाई:
सोसलं पुत्रानेच, पण घेतलेल्या मानवी स्वभावात. ४५१ ला खाल्केदोनच्या परिषदेने येशू एकच व्यक्ती, पण स्वभाव दोन, देवपण आणि माणूसपण, असं ठरवलं, त्यामुळे देवाच्या पुत्राने मरण सोसलं हे मी अक्षरशः म्हणू शकते, आणि त्याचं देवपण तिथे संपलं नाही हेही म्हणू शकते. कुणी त्याला भाग पाडलं नाही, 'माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो' हे त्याचंच वाक्य आहे, योहान १० मधलं.

उलटतपासणी:
म्हणजे मानवी बाजूला लागलं, दैवी बाजू शाबूत. मला नेमकं हेच खुपतं. मी होऊन देतो म्हणणाऱ्याला आतपर्यंत लागलं असेल तरच त्या देण्याला वजन आहे, आणि पुत्र मरत असताना पित्याला काय झालं ते तुम्ही अजून सांगितलंच नाहीत.