आझाद मैदानातले खांब मैदानाहून जुने

पणजीच्या आझाद मैदानातला खांबांचा मंडप गोवा मुक्तीनंतर हुतात्म्यांसाठी बांधला, असं कुणीतरी लिहिलंय. तसं नाही. मंडप १८४७ चा, म्हणजे पणजी राजधानी झाल्यानंतर चार वर्षांनी उभा राहिलेला, आणि तो गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोन्स द आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी होता. चौकालाही त्याचंच नाव होतं.

खांब मात्र त्याहून जुने. ते जुने गोव्यातल्या डॉमिनिकन या ख्रिस्ती धर्मसंघाच्या वास्तूतून आणलेले. माथ्यावरची कोरलेली पानं पाहा, ती कॉरिंथियन शैली. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद झाले, मठ ओस पडले आणि त्यांचा घडीव दगड नव्या राजधानीला आयताच मिळाला. पणजीच्या चर्चची मोठी घंटाही अशीच, ऑगस्टिनियन मठातून आलेली, १८७१ मध्ये इथं टांगली.

मुक्तीनंतर आल्बुकेर्क हलला. ब्राँझचा तो पुतळा आता जुने गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. खांब जिथून आले त्याच गावी तो गेला, ही गंमतच! मंडपात आता स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. मैदानात हुतात्मा स्मारक आहे, पण ते वेगळं. बहुतेक घोळ तिथंच होतो.