मदत हवी आहे: गुरूच्या छायाचित्रात वलये का उमटतात?
इंदूरमधील गच्चीवरून, 150 मिमी आरशाच्या दुर्बिणीला दुप्पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारे जोडभिंग) लावून, भिंग काढलेल्या जुन्या वेबकॅमने मी गुरूचे चित्रण करतो. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरत असल्याने चित्रफीत दोन मिनिटांचीच ठेवतो आणि 3600 चौकटींपैकी उत्तम 20 टक्के ऑटोस्टॅकर्ट या संगणकप्रणालीत एकत्र करतो. पट्टे दिसतात, पण रेजिस्टॅक्स या दुसऱ्या प्रणालीत वेव्हलेट (बारीक तपशील ठळक करणारी सोय) वाढवताच कडेपासून आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वलये उमटतात (शनी असता तर तक्रार नव्हती). आरशांची जुळवणी ताऱ्यावर तपासली आहे. 50 टक्के चौकटी घेऊनही फरक पडला नाही. गेन (कॅमेऱ्याने संकेत किती वाढवायचा ते प्रमाण) अगदी कमी असतो आणि चित्रफीत एमजेपीईजी या प्रत्येक चौकटीतील माहिती आक्रसून ठेवणाऱ्या स्वरूपात साठते. नवा कॅमेरा तूर्त शक्य नाही. तेव्हा दोष कमी गेनचा असावा की एमजेपीईजीच्या कॉम्प्रेशनचा, आणि आधी काय बदलून पाहावे?