शब्दचर्चा: 'कौटुंबिक हिंसाचार' की नुसतं 'मारतो'?

टाकटूक: साखा (याकुत) भाषेतल्या चित्रपटाची मराठी उपशीर्षकं चालू आहेत. पंधरा वर्षांचा मुलगा, पिऊन आईला मारणारा सावत्र बाप, रशियाच्या सायबेरियातल्या लीना नदीकाठचं गाव. मुलगा पोलिसाला साखात सांगतो, 'मारतो'. पोलीस मात्र रशियनमधून सरकारी भाषेत बोलतो. तिथे काय घालू? 'कौटुंबिक हिंसाचार' 17 खुणा खातं (काना-वेलांटी-अनुस्वार संगणक वेगळे मोजतो) आणि ओळीला मिळतात 42.

रुकार: 'कौटुंबिक'च. 2005च्या कायद्याच्या मराठी नावात तोच शब्द आहे. सरकारी तोंडी सरकारी शब्द.

पडवी: 'घरगुती' नकोच. घरगुती लोणचं, घरगुती शिकवण्या!

आडनिडे: वर्तमानपत्रांनी 'घरगुती हिंसाचार' कधीच रुजवलाय. 'घरगुती भांडण' बरं खटकत नाही?

पडवी: तेच तर दुखणं आहे! 'घरगुती भांडण' म्हणूनच बायकांना चौकीतून परत पाठवतात.

टाकटूक: पोलिसाचं पद 'उचास्तकोवी' आहे. ठरलेल्या भागाचा गणवेशातला अधिकारी. 'पोलीस पाटील' चालेल?

रुकार: अजिबात नाही. पोलीस पाटील गावचा रहिवासी, मानधनावरचा. 'बीट अंमलदार' जवळचा.

आडनिडे: आणि पुढे 'एनसी घेतली' लिहा, प्रेक्षकाला लगेच कळेल.

रुकार: कळेल, पण चुकीचं. एनसी अदखलपात्र असली तरी गुन्ह्याचीच नोंद. रशियात 2017 पासून घरच्याला पहिल्यांदा मारलं आणि दुखापत झाली नाही, तर तो फौजदारी गुन्हाच नाही. 5 ते 30 हजार रूबल दंड, किंवा 10 ते 15 दिवस कोठडी, नाहीतर 60 ते 120 तास सक्तीचं काम. वर्षभरात पुन्हा केलं तरच फौजदारी. म्हणून 'गुन्हा दाखल' कुठेच नको, 'दंड झाला' लिहा. तो दंडही घरखर्चातूनच जातो. आई तक्रारीला 'नको' म्हणत असेल तर प्रेक्षकाला हे आधी कळलेलं हवं.

पडवी: आजीच्या तोंडी 'नवऱ्याने मारलं, पावसाने झोडपलं' घाला की.

टाकटूक: बाहेर उणे 40 आहे हो, पाऊस कुठला! बरं, मुलगा आधी बापाला 'आगा' म्हणतो, शेवटी नुसतं 'तू'. मराठीत 'अहो बाबा'वरून 'अरे'वर आणू?

पडवी: 'अरे' लाडातही येतं. हाकच काढून टाका. क्रियापद एकवचनी केलं की पुरे: 'हात लावू नको तिला.' 'आगा' तसाच ठेवा, आपल्या 'अक्का'चं भावंड दिसतंय.

रुकार: कसलं भावंड! अक्का कानडीकडून आलेली. साखा तुर्की कुळातली, 'आगा'चा सगा 'आगाखान'मधला आगा. साखात 'एहे' म्हणजे आजोबा आणि अस्वलही, आता तेही मराठीशी नेऊन जोडू नका.

आडनिडे: 'याकुत' तरी कशाला? आपल्याकडे याकूत म्हणजे माणिक. लोकांना जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान आठवायचा.

पडवी: तो अरबी शब्द. हे नाव रशियनांनी तिथल्याच एवेंकी लोकांकडून उचललेलं. ते लोक स्वतःला साखा म्हणतात.

आडनिडे: मग विशेषण काय, 'साखी'? ती तर कबीराची.

रुकार: 'साखा भाषेतला' लिहा, विशेषणाचा हट्ट कशाला? आणि छापण्याआधी तपासा, टंकताना फोन त्याची 'शाखा' करतो.